साष्टी अजून बेटच आहे

ठाणे शहर बेटावर आहे, असं म्हटलं की बहुतेक ठाणेकर मान डोलावतात आणि विषय बदलतात. साष्टी बेट, उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं, पण परीक्षेपुरतं. शहराच्या प्रश्नांवर हिरिरीनं बोलणाऱ्या जाणत्या माणसांचंही मत असं असतं की बेट ही आता इतिहासजमा गोष्ट आहे. खाडीवर पूल झाले, रेल्वे आली, खाजणं भरून इमारती उभ्या राहिल्या, आता ठाणे म्हणजे मुंबईला चिकटलेलं शहर. इथे घर घेणाऱ्याने स्टेशन, शाळा, बाजार आणि कर्जाचा हप्ता पाहावा, भूगोलाशी त्याचं काय काम? या मताचा मला प्रतिवाद करायचा आहे. माझं म्हणणं असं की ठाण्यात राहायला येणं म्हणजे आजही उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर राहायला येणं आहे. इथल्या रोजच्या अडचणींपैकी बऱ्याचशा तिथूनच निघतात. आणि घर घेणारा, घर बांधणारा आणि बांधायला परवानगी देणारा, हे तिघंही ते मान्य करत नाहीत तोवर इथे कुणाचा संसार नीट बसायचा नाही.

येणाऱ्यांची संख्या लहान नाही. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती अठरा लाखांच्या वर गेली. या आकड्यात खाडीपलीकडचे कळवा, मुंब्रा, दिवा हे भागही आहेत, पण बेटावरची वाढ मुख्यतः घोडबंदर रस्त्याने झाली. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही काल-परवापर्यंत भातशेतीची गावं होती. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे अरुंद पट्टी, त्या पट्टीत टोलेजंग संकुलं उभी राहिली. गिरगाव-परळ सोडून आलेला माणूस निदान समुद्राच्या हवेला सरावलेला असतो. सोलापूर, लातूर, नागपूरकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाचा पहिला पावसाळा मात्र गोंधळात जातो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही चार महिन्यांत. मीठ बरणीतच पाझरतं, कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते, दारं फुगून चौकटीत अडकतात, खिडकीचं ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजतं. लोक याचा राग बांधकामावर काढतात. काही वेळा तो रास्तही असतो. पण खाऱ्या हवेत नुसतं लोखंड आणि कोरडा गिलावा टिकत नाही, हे किनारपट्टीवरचा जुना गवंडी जाणतो. गावदेवीच्या देवळांची आणि कोळीवाड्यातल्या जुन्या घरांची उतरती कौलारू छपरं, रुंद पडव्या आणि उंच जोती या हवेतूनच आलेली होती. नव्या संकुलांनी यातली एकही गोष्ट घेतली नाही.

हवेचा भाग तसा सोसण्याजोगा आहे. बेटाचा खरा जाच सुरू होतो तो बाहेर जायच्या वाटांपाशी. पूर्वीच्या सत्ताधीशांनी हे कधी नजरेआड केलं नव्हतं. पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला खाडीच्या काठी बांधायला घेतला, कारण साष्टीत येण्याची वाट तिथून होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चाल केली तेव्हा पहिला घाव ठाण्याच्या किल्ल्यावर घातला आणि त्याबरोबर बेट हाती आलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनीही तोच किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायमची राहिली. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. आणि आपण ज्या घटनेचा अभिमानाने उल्लेख करतो ती पहिली रेल्वे? १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्यात थांबली. पुढे खाडी होती. खाडीवरचे पूल पार करून गाडी कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला. हा केवळ इतिहास म्हणून मी सांगत नाही. बेटाच्या वाटा मोजक्या असतात आणि त्या जिथे आहेत तिथेच शहराचा श्वास अडकतो, एवढं त्यातून घ्यायचं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग पूल झालेच की! जरूर झाले. पण ते किती आणि कुठे, हे एकदा बोटांवर मोजून पाहावं. बेटावरच्या ठाण्यातून पूर्वेला रस्त्याने बाहेर पडायचं तर कळव्याचा पूल, नाशिक महामार्गावरचा साकेतचा पूल, बाळकुमहून भिवंडीकडे जाणारा काशेळीचा पूल, दक्षिणेला मुलुंडच्या बाजूने ऐरोलीचा पूल, आणि उत्तरेला गायमुखचा घाट उतरून वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल. लाखोंच्या शहराला एवढ्याच वाटा, आणि त्यांच्यावरून फक्त ठाणेकर जात नाहीत. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर मुंब्रा-खारेगाववरून साष्टीत शिरतात, माजिवड्याला वळतात, सबंध घोडबंदर रस्ता तुडवतात आणि वर्सोव्याच्या पुलावरून बेट सोडतात. म्हणून गायमुख घाटात रस्त्याचं काम निघालं की कासारवडवलीच्या मुलाची शाळेची बस अडकते, आणि साकेत पुलाचा एखादा सांधा दुरुस्तीला काढला की भिवंडी बायपासपर्यंत रांग लागते. देशावरच्या शहरात एक रस्ता बंद झाला तर माणूस गल्लीबोळातून, मळ्यातून वाट काढतो. इथे बोळ खाडीपाशी संपतो. कळव्याचा तिसरा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला, वर्सोव्याच्या नव्या पुलाची पहिली बाजू मार्च २०२३ मध्ये. दोन्ही हवेच होते आणि दोन्हींमुळे दिलासा मिळाला. पण पुलाने खाडी नाहीशी होत नाही. पूल तिच्या दोन काठांवरचे दोन बिंदू जोडतो आणि त्या बिंदूंपाशी गर्दी गोळा करतो. डोंबिवलीच्या मोठागावहून माणकोलीला जाणारा पूल झाला तेव्हा डोंबिवलीकरांचा शिळफाट्याचा किंवा कल्याणचा वळसा वाचला. पण माणकोलीला उतरलेली गाडी पुढे कुठे जाते? नाशिक महामार्गाने, खारेगाव-साकेतच्या त्याच खाडीपुलांवर. बेटाचं दार तेवढंच राहिलं, दाराबाहेरची रांग मात्र वाढली.

आता पाण्याकडे येतो, कारण बेट विसरल्याची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते. येऊरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाडीला मिळेपर्यंत फार तर तीन-चार किलोमीटर वाहतो. उतार तीव्र, अंतर थोडं, त्यामुळे पाणी वेगाने येतं. ते खाडीत जायचं तर खाडीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा खाली हवी. आणि खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि तेव्हा भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत नाही. खाडीला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या तोंडाशी पावसाळी उधाणाच्या दिवशी उभं राहून पाहावं. सकाळी नाल्याचं गढूळ, तांबूस पाणी खाडीकडे धावत असतं. भरती चढू लागली की त्याचा वेग मंदावतो, मग थर्मोकोलचे तुकडे आणि प्लास्टिकच्या बाटल्या एका जागी गोल फिरू लागतात, आणि थोड्या वेळाने त्याच बाटल्या उलट्या, शहराच्या दिशेने सरकतात. खाडीचं करडं पाणी मोरीखालून आत शिरलेलं असतं. त्या दोन-तीन तासांत डोंगरावर जोराचा पाऊस झाला तर त्या पाण्याला जायला जागाच नसते. ते रस्त्यावर, तळघरातल्या वाहनतळात आणि तळमजल्यावरच्या घरांत शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरतीही होती. पाऊस आणि भरती एकत्र आल्या की काय होतं, हे सबंध साष्टीने त्या दिवशी पाहिलं.

नालेसफाई झाली नाही म्हणून पाणी तुंबलं, असं दरवर्षी म्हटलं जातं. नालेसफाईतली कुचराई मी पोटात घालणार नाही, ती झालीच पाहिजे. पण आरशासारखा स्वच्छ नालासुद्धा उधाणाच्या वेळी उलटा वाहतो. त्याला उपाय तीनच: नाल्याच्या तोंडाशी भरती रोखणारी दारं आणि पंप, पाणी तात्पुरतं साठायला मोकळी जागा, आणि जोतं उंच. पूर्वी ही मोकळी जागा खाजणं, भातखाचरं, मिठागरं आणि तलाव यांनी दिलेली होती. ठाण्याला आपण कौतुकाने तलावांचं शहर म्हणतो, मासुंदा, कचराळी, उपवनच्या काठी फिरायला जातो, पण डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या बेटावर साठवणीच्या त्या जागांचं काम काय होतं, हा विचार भराव टाकताना झाला नाही.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो. मुंबई तर सात बेटं जोडूनच झाली, मग साष्टीचं बेटपण भरावाने का मिटणार नाही? उत्तर उल्हास नदीत आहे. मुंबईच्या बेटांमधले भरलेले भाग म्हणजे भरतीला पाणी येणारे उथळ ओढे आणि दलदली. ते बुजवल्याने कुणा मोठ्या नदीचं तोंड बंद झालं नाही, आणि तरीही सखल भागांत पाणी साचण्याचा वारसा मुंबई आजवर भोगते आहे. साष्टीच्या उत्तर-पूर्वेला मात्र सह्याद्रीतून, खंडाळ्याच्या बाजूने निघून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वाहत आलेली नदी आहे. तिचं पाणी वसईच्या खाडीने समुद्राला जातं, ठाण्याच्या खाडीशीही ती एका अरुंद प्रवाहाने जोडलेली आहे. हे पाणी जाणारच. खाडीचं पात्र कळवा, मुंब्रा, बाळकुम, काल्हेर कुठेही भरावाने आवळलं तर नदी थांबणार नाही, ती कल्याण, भिवंडीत पसरेल. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तेव्हा या नदीचा आवाका सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिला. खारफुटीचंही तेच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला मानला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेलं. रोहित पक्षी दिसतात म्हणून खारफुटी राखायची हे ठीकच आहे, पण बेटावर राहणाऱ्याला ती लागते ती काठ धरून ठेवण्यासाठी, भरतीचा जोर मोडण्यासाठी.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट अशीच. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या बेटाला प्यायचं पाणी पैलतीराहून आणावं लागतं. साष्टीच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव १८६० आणि १८७९ मध्ये झाले, ते मुंबईसाठी. तेही पुरेनात म्हणून १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुख्य भूमीवरून आणलं गेलं, आणि तेव्हापासून साष्टीची वाढती तहान पलीकडच्या धरणांवर भागते आहे. ठाण्याला पाणी मिळतं ते भातसा नदीवरच्या स्वतःच्या योजनेतून, शहाड-टेमघरच्या स्टेम प्राधिकरणाकडून, बारवीच्या पाण्यावर चालणाऱ्या एमआयडीसीकडून आणि काही वाटा मुंबई महापालिकेकडून. एखादी जलवाहिनी फुटली, पंपाची वीज गेली की घोडबंदरच्या संकुलांत टँकरची धावपळ सुरू होते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने पाण्याच्याच प्रश्नावरून घोडबंदर भागातल्या नव्या बांधकामांना काही काळ अटकाव केला होता. त्यातून धोरण म्हणून आपण फारसं काही शिकलो नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातली काही धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. बेटावरचा मोकळा सोडलेला नळ त्या पाड्यावरच्या हंड्याशी जोडलेला आहे. हे मी मनापासून लिहितो आहे आणि ते टोचावं अशी माझी इच्छा आहे.

तिसरा आक्षेप कल्याण-डोंबिवलीचा. ही शहरं तर मुख्य भूमीवर आहेत, तरी तिथेही कोंडी आहे, पूर आहे, पाणीटंचाई आहे. मग बेटाला दोष कशाला, दोष कारभाराचा. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. बारवीची जलवाहिनी जिथून जाते त्या भागातल्या सत्तावीस गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावेत, याला भूगोल जबाबदार नाही. तिथे वाटप चुकलं आहे. पण उरलेला अर्धा भाग नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली, कारण समुद्राची भरती तिथवर पोचते. म्हणजे उल्हासकाठचा कल्याणकर त्याच खाडीच्या तालावर जगतो. दुसरी गोष्ट, डोंबिवली आणि कल्याण वाढली ती बेटावर कामाला जाणाऱ्यांची घरं म्हणून. गिरगाव-दादरमधली परवडेनाशी झालेली बिऱ्हाडं खाडी ओलांडून गेली, पण नोकऱ्या बेटावरच राहिल्या. म्हणून रोज सकाळी लाखो माणसं बेटात शिरतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. १९१६ चा पारसिकचा बोगदा, फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झालेली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका, ही सगळी त्याच चिंचोळ्या वाटेची दुरुस्ती आहे. डोंगर आणि खाडी यांच्या मधे रुळांना जागाच थोडी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून किमान चार प्रवासी गेले. त्याचा दोष वेळापत्रकावर आणि डब्यांच्या कमतरतेवर टाकता येईल. पण सगळ्या कचेऱ्या-बाजारपेठा बेटावर ठेवून घरं पलीकडे बांधत राहण्याचा निर्णय त्याआधीचा आहे, आणि तोही कुणीतरी घेतलेलाच होता. कल्याण-डोंबिवलीत पुरेशा नोकऱ्या आणणं हे म्हणूनच आणखी एका पुलापेक्षा मोठं वाहतुकीचं काम आहे.

ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याने आणि मेट्रोने हे सगळं सुटेल, असं सांगणाऱ्यांना एवढंच विचारायचं की बोगद्याची दोन्ही तोंडं कुठे आहेत. राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारा सुमारे पावणेबारा किलोमीटरचा हा मार्ग ठाण्याहून बोरिवलीला नेईल, म्हणजे साष्टीतून साष्टीत. डोंगराचा वळसा तो नक्की वाचवेल. खाडी मात्र तो ओलांडत नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रोही बेटाच्या आतच धावणार आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मात्र खाडी ओलांडते आणि म्हणून या तिन्हींतली सर्वांत निकडीची तीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी एक आक्षेप असा येतो की परवडेल तिथे घर घेणाऱ्या माणसाला भरती-ओहोटी शिकवणं हा सुखवस्तूंचा शौक आहे. मला वाटतं, हे नेमकं उलट आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा खाडीकाठच्या आगरी गावातल्या माणसाला तिथी सांगितली तर पाणी कधी चढणार हे तो घड्याळ न पाहता सांगतो. कळवा-मुंब्र्याच्या खाडीकाठच्या चाळीतली बाई जुलैच्या अमावास्येला धान्याचे डबे वर ठेवते. ज्याला सोसावं लागतं त्याला बेट ठाऊक आहे. ते विसरलेत कागदावर सही करणारे आणि माहितीपुस्तिकेत खाडीचं मनोहर चित्र छापणारे. कर्ज काढून घर घेणाऱ्याला ही माहिती नाकारणं हाच अन्याय आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना त्या कागदावर तीन गोष्टी छापाव्यात: इमारतीच्या जोत्याची उंची उधाणाच्या सर्वोच्च भरतीपेक्षा किती वर आहे, तिचं पावसाचं पाणी कोणत्या नाल्याने खाडीला जातं, आणि तिला रोज किती पाणी कोणत्या योजनेतून मंजूर आहे. तोवर घर पाहायला जाणाऱ्यांनी स्वतःच एवढं करावं. नमुना सदनिका दिवाळीत पाहा, पण बयाणा देण्याआधी जुलैतल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भर दुपारी, पाऊस चालू असताना त्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन या. जवळच्या नाल्याचं पाणी कोणत्या दिशेने वाहतंय ते बघा, आणि मगच सही करा.